उंचीची पट्टी आणि तुझा पट्टा
(एक्सप्रेस पासला खुलं पत्र)

मु. पो. खजुरी,
ता. आळंद, जि. कलबुर्गी

एक्सप्रेस पास,

पत्राची सुरुवात नमस्कारानं करायची असते. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, तरी दुसऱ्याकडून पत्र लिहून घेताना ती पहिला शब्द नमस्काराचाच सांगायची. तुला मी तो लिहिणार नाही. ज्याच्यावर फिर्याद करायची त्यालाच आधी हात जोडणं मला जमत नाही.

तुझी नावं पुष्कळ आहेत. कुठं तू एक्सप्रेस, कुठं फास्टट्रॅक, कुठं लाइटनिंग लेन, कुठं नुसताच व्हीआयपी. काम सगळीकडं एकच, जादा पैसे घेऊन पुढं उभ्या असलेल्या माणसाला मागं सारायचं. पाळण्यांच्या ज्या पार्कात तुझी-माझी समोरासमोर गाठ पडली त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तू त्या एका पार्कापुरता असतास तर तिथल्या तक्रारवहीत चार ओळी लिहून मी गप्प बसलो असतो. तू सगळीकडं पसरला आहेस, म्हणून हे उघडं पत्र.

आधी मी कोण ते सांगतो. खजुरी हे आळंद-उमरगा रस्त्यावरचं, कर्नाटकाच्या अगदी काठावरचं गाव. चार पावलं पुढं गेलं की महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बसमध्ये दोन्ही. मला लहानपणापासून पाळण्यांचं वेड आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संक्रांतीला भरते. तिथं होम मैदानावर आकाशपाळणे, टोराटोरा, कोलंबस, ब्रेक डान्स आणि मौत का कुआ असा सगळा संसार उभा राहतो, आणि त्या चार दिवसांसाठी मी वर्षभर पैसे साठवायचो. पुढं मोठे पार्क आले. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. मामा मुंबईत कामाला होते, त्यांनी एका सुट्टीत लाँचमधून तिथं नेलं. खाडीवरचा वारा आणि लांबून दिसणारी पाळण्यांची कमान अजून डोळ्यांपुढं आहे. नंतर खोपोलीजवळ २०१३ च्या एप्रिलमध्ये इमॅजिका उघडलं. हैदराबाद आणि बेंगळुरूकडं वंडरला आलं. आमच्या उमरगा, आळंद, सोलापूर, कलबुर्गी भागातल्या आठ-दहा वेड्यांचा कट्टा जमला. वर्षातून एकदा कुठला तरी पार्क बघायचा आणि उरलेले अकरा महिने त्यावर भांडायचं, असा आमचा रिवाज आहे.

ती भांडणं तुला कळायला हवीत, कारण तू त्यांच्यात मधेच येऊन बसलास.

एका गटाचं म्हणणं, पार्कात ओळखीची गोष्ट हवी. इमॅजिकात 'मिस्टर इंडिया'वर राइड आहे. १९८७ चा तो सिनेमा ज्यानं पाहिला त्याला आत शिरतानाच निम्मा आनंद मिळतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या युनिव्हर्सलमध्ये २०१० साली हॅरी पॉटरचं गाव उभं राहिलं, आणि २०२५ च्या मे महिन्यात एपिक युनिव्हर्स हा नवा पार्क उघडला तोही निन्टेन्डोचे खेळ, ड्रॅगनचे सिनेमे आणि पॉटर यांच्याच खांद्यावर. दुसऱ्या गटाचं म्हणणं, उसनी गोष्ट कशाला? इमॅजिकातला सलीमगढ बघा. तो कुठल्या सिनेमातून आलेला नाही, तरी अंधारात पोरं मामाच्या हाताला घट्ट धरतात. डिस्नेनं फ्लोरिडातला जुना स्प्लॅश माउंटन २०२३ मध्ये बंद केला आणि पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर राजकन्या टियानाची राइड उघडली. तेव्हा आमच्यातले दोघे दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांपैकी एकानंही फ्लोरिडा पाहिलेलं नाही. तरी भांडण खरं होतं, कारण पाळण्यावरचं प्रेम खरं होतं.

माझं मत विचारशील तर मी दुसऱ्या गटात आहे. आमच्याच मुलखात इतक्या गोष्टी पडून आहेत! बिदरला जमिनीखालून पाणी नेणारे करेज आहेत, बहमनी काळातले. त्या भुयारातून बोट जाते आहे, वर ठिकठिकाणी विहिरीसारख्या तोंडांतून उजेड पडतो आहे, अशी राइड कुणी केली तर मी पहिल्या दिवशी दारात उभा राहीन. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण आहे आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे त्या भिंतीवरून कोसळतात. खिडकीत उभं राहिलं की डोळ्यांपुढं पाण्याचा पडदा. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीतल्या कारागिरांनी हे बांधलं. आजच्या कुठल्याही पार्काची आखणी करणाऱ्यानं एकदा येऊन ते पाहावं, पाणी लोकांना भिजवल्याशिवाय इतक्या जवळ कसं आणायचं ते तिथं शिकता येईल. पुण्यात आंबेगावला बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या कल्पनेतली शिवसृष्टी उभी राहते आहे, तिचा पहिला टप्पा २०२३ च्या शिवजयंतीला खुला झाला. म्हणजे आपली गोष्ट सांगायची इच्छा लोकांत आहे.

ह्या वादात कुणीही जिंकलं असतं तरी आम्हा सगळ्यांना चाललं असतं. सिनेमाची राइड आली तरी आम्ही बसणार होतो, करेजची आली तरी बसणार होतो. आणि मग तू आलास. कोणती राइड यावी हा वाद बाजूला पडला. तिच्यात कोण बसणार, हा नवा वाद तू आणलास.

परवाच्या दिवाळीच्या सुट्टीची गोष्ट. खजुरीतून दोन क्रूझर करून आम्ही तेवीस जण रात्री दोनला निघालो. त्यात चौदा पोरं. कुणी कापसाच्या पैशातून, कुणी भिशीतून, कुणी पोराच्या वाढदिवसाचा खर्च वाचवून तिकिटाचे पैसे जमवले होते. बाहेरचं खाणं आत चालत नाही हे ठाऊक होतं, म्हणून पहाटे रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन घेतली. दार उघडायच्या आधी एक तास आम्ही दारात होतो.

माझी भाची नऊ वर्षांची. आदल्या वर्षी तिला एका मोठ्या राइडवर घेतलं नव्हतं, उंची दोन बोटं कमी पडली म्हणून. ती रडली, पण भांडली नाही. घरी येऊन तिनं दाराच्या चौकटीवर खडूनं रेघ मारली आणि वर्षभर दर अमावस्येला तिथं पाठ लावून उभी राहायची. तिची आई म्हणायची, अगं रोज थोडीच वाढतं माणूस. ती म्हणायची, वाढतं. ह्या वर्षी राइडच्या तोंडाशी ती त्या लाकडी पट्टीखाली जाऊन उभी राहिली, टाचा जमिनीला टेकवून, श्वास धरून. टाळू पट्टीला लागली. तिथल्या मुलानं मान हलवली आणि हिच्या तोंडावर जे हसू आलं ते मला शब्दांत धरता येणार नाही.

मग रांग. वर पत्रा, खाली लोखंडी पाइपांची नागमोडी वाट. फलकावर लिहिलेलं, इथून ९० मिनिटं. आम्ही उभे राहिलो. पोरांनी अंताक्षरी केली, नावं-गावं-फळं केलं, एकमेकांच्या हातावरचे कागदी पट्टे मोजले. आमचे सगळे पांढरे. एका पाइपाच्या पलीकडं दुसरी वाट होती, सरळ आणि रिकामी. अधूनमधून तिच्यातून माणसं चालत यायची, थांबायची नाहीत. त्यांच्या मनगटावर तुझा केशरी पट्टा. इतक्या जवळून जायची की आमच्या पोरांना त्यांच्या आईस्क्रीमचा वास यायचा. शेवटी दोन्ही वाटा एका साखळीपाशी मिळत होत्या. तिथं वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा उभा होता, कमरेला वॉकीटॉकी. तो मोजायचा, तिकडून अठरा, इकडून सहा. साखळी लावायची. परत तिकडून अठरा, इकडून सहा. तो मुलगा आमच्याकडं बघत नव्हता. त्याला दोष देत नाही, आठ तास उभं राहून तुझा हिशेब सांभाळायचा त्याला पगार होता.

नव्वद मिनिटं होऊन गेली. आभाळ भरून आलं, राइड वीस मिनिटं थांबली, परत सुरू झाली. ती सुरू झाल्यावर मधल्या वेळात साठलेले सगळे केशरी पट्टे आधी गेले. साडेपाचला भोंगा वाजला. आमच्यापुढं बारा माणसं उरली होती तेव्हा त्या मुलानं आमची साखळी लावली आणि सांगितलं, राइड बंद. पलीकडची साखळी उघडीच होती. त्यांनी पैसे भरलेत सर, त्यांना द्यावंच लागतं, असं तो म्हणाला. पैसे आम्हीही भरले होते.

भाचीनं पाइपाला धरून पलीकडं पाहिलं. तिच्याच वयाचा, कदाचित तिच्यापेक्षा बोटभर ठेंगणाच एक मुलगा आत गेला. तिनं मला विचारलं, "मामा, त्यांची उंची जास्त होती का?"

त्या प्रश्नासाठी मी तुला हे पत्र लिहितो आहे.

तिला नियम कळतात. पट्टीचा नियम तिला आदल्या वर्षी कळला होता आणि पटलाही होता, कारण तो सगळ्यांना सारखा होता आणि त्यामागं कारण होतं. उंची कमी असली तर खांद्यावरचा दांडा नीट बसत नाही, पोरगं निसटेल. ती पट्टी कुणाच्या बापाचा पगार विचारत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला वाटलं की तुझा पट्टाही तसाच काहीतरी मोजत असणार. मी तिला काय सांगायचं होतं? तुझं नाव एक्सप्रेस, आणि तू कुणालाही वेग दिलेला नाहीस. राइड तितक्याच सेकंदांत फिरते. तिच्यात तितक्याच जागा असतात. तू एकही जागा वाढवत नाहीस.

साधा हिशेब बघ. समजा राइडवर तासाला ४८० माणसं बसतात. निम्म्या जागा तुझ्या. साध्या रांगेत माझ्यापुढं २४० माणसं आहेत. सगळ्या जागा आमच्या रांगेला मिळाल्या असत्या तर माझी पाळी अर्ध्या तासात आली असती. आता एक तास लागतो. तुझी माणसं आमच्यातच उभी राहिली असती तर आमची रांगही लांबली असती, हे मला मान्य आहे. पण मग ती लांबी सगळ्यांच्या वाट्याला आली असती. तू त्यांची वाट पाहणं उचललंस आणि आमच्या खांद्यावर ठेवलंस, आणि ठेवल्याचे पैसे पार्कानं त्यांच्याकडून घेतले. आमचा वेळ तू विकलास. आम्हाला न विचारता, आमच्याच देखत.

तुझा इतिहासही मला ठाऊक आहे. आमच्या जत्रेत प्रत्येक पाळण्याचं वेगळं तिकीट असतं. कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हाही तसंच होतं. दारात पैसे द्या आणि आत राइडगणिक तिकिटं फाडा. पुढं ए, बी, सी, डी, ई अशा प्रतींची पुस्तकं निघाली, भारी राइडला ई तिकीट. १९८२ साली ती पुस्तकं बंद झाली. एकदा दारात पैसे भरले की आतलं सगळं सगळ्यांना. पार्क आणि जत्रा यांच्यातला हाच फरक आम्हाला आवडला होता. आत गेल्यावर खिसा चाचपावा लागत नव्हता, पोराला "हे महाग आहे, ते बघू" म्हणावं लागत नव्हतं. १९९९ मध्ये तिथंच फास्टपास आला. तो फुकट होता, हे ध्यानात घे. कागदाची चिठ्ठी घ्यायची, तिच्यावरच्या वेळेला परत यायचं, मधल्या वेळात दुसरीकडं फिरायचं. ज्याच्याकडं दाराचं तिकीट त्याला चिठ्ठी, लहान-थोर असं काही नाही. त्याच्यावर माझा राग नाही, ती चांगली युक्ती होती. २०२१ मध्ये ती युक्ती गेली आणि तिच्या जागी पैसे भरायची लाइटनिंग लेन आली. २०२४ च्या अखेरीस तर फ्लोरिडातल्या डिस्नेत एका माणसाच्या एका दिवसाच्या पासाला गर्दीच्या दिवशी ४०० डॉलरच्या वर दर लागला. ई तिकीट परत आलं, फक्त आता ते दारातल्या तिकिटाच्या डोक्यावर बसलं.

कट्ट्यावरच्या एकाचा मेव्हणा न्यूजर्सीला असतो. पोरांना घेऊन तो फ्लोरिडाला गेला होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातच्या आधी गजर लावून दोन फोन हातात घेऊन बसला, कारण त्या वेळी सातला राइडची वेळ धरायची खिडकी उघडायची. पोरं झोपलेली, बायको झोपलेली आणि हा अंथरुणावर बोटानं पडदा ओढतो आहे. सुट्टी घ्यायला गेलो आणि तत्कालचं तिकीट काढत बसलो, असं तो म्हणाला. पैसे भरणाऱ्याचीही तू ही दशा केलीस.

तंत्राशी माझं वैर नाही. मनगटावरचा पट्टा टेकवला की दार उघडतं, खोलीचं कुलूपही उघडतं, असे पट्टे डिस्नेनं २०१३ मध्येच आणले. पोर हरवलं तर पट्ट्यावरून सापडावं, राइड बंद पडली तर उन्हात उभ्या माणसाला तसं कळावं, म्हाताऱ्या माणसाला सावलीत बसून आपला नंबर लावता यावा, हे सगळं मला हवं आहे. पण आमच्या दोन क्रूझरमधल्या बायकांपैकी निम्म्यांचा फोन घरी नवऱ्याकडं राहिला होता. ज्यांच्याकडं होता त्यांच्या फोनवरचं पार्काचं अॅप फक्त इंग्रजीत बोलत होतं. ह्या बायका मराठी बोलतात, कन्नड बोलतात, बाजारापुरतं तेलुगूही बोलतात. तीन भाषा येणाऱ्या बाईला अडाणी ठरवायचं काम त्या अॅपनं दहा मिनिटांत केलं. तुझा पट्टा मात्र त्याच अॅपवर एका बोटात विकत मिळत होता.

आता तू म्हणशील, रांग मोडणं तुमच्याकडं नवीन आहे का? नाही. आमच्या बसस्टँडवर "रांगेचा फायदा सर्वांना" असं रंगवलेलं असायचं आणि त्याच पाटीखाली लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. अजून धरतात. पण रुमाल टाकणाऱ्याला तिथं उभं राहावं लागतं. "अण्णा, ही माझी जागा" असं तोंडावर सांगावं लागतं. समोर कडेवर पोर घेतलेली बाई आली तर रुमाल उचलावा लागतो, नाही उचलला तर सगळी बस त्याला बोलते. तुझ्याशी कुणी बोलू शकत नाही.

देवळांचीही साक्ष तू काढशील. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शन आहे, आमच्या तुळजाभवानीच्या दारातही पैसे भरून लवकर जायची सोय आहे. ते मला आवडतं असं मी कुठंही म्हटलेलं नाही. पण पंढरपूर बघ. आषाढीच्या पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा होते तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या शेजारी मानाचे वारकरी म्हणून एक जोडपं बसतं. ते जोडपं निवडतात दर्शनाच्या रांगेतून. रात्रभर उभे राहिलेले, पाय सुजलेले, कुठल्यातरी खेड्यातले नवरा-बायको. रांगेत उभं राहिल्याचा तो मान आहे. रांगेत उभं राहणं ही आमच्याकडं लाजेची गोष्ट कधी नव्हती. तू ती लाजेची केलीस. त्या दिवशी पाइपाच्या अलीकडं उभ्या असलेल्या आमच्या बाप्यांनी हात मागं बांधले होते, पांढरा पट्टा दिसू नये म्हणून.

आमच्या आजीच्या भाषेत तुझ्या गुन्ह्याला नाव आहे, पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसवायचं आणि एकाच्या भातावर तुपाची धार, शेजाऱ्याच्या भातावर नुसती आमटी. आजी म्हणायची, तूप कमी असेल तर कुणालाच वाढू नका, पण पंगतीत असलं करू नका. कलबुर्गीला शरणबसवेश्वरांच्या दासोहाची परंपरा आहे. येईल त्याला पंगतीत जागा आणि येईल त्याला अन्न. बाराव्या शतकात बसवण्णांनी ज्या भूमीत माणसामाणसांतल्या भिंती पाडायला सुरुवात केली ती बसवकल्याणची माती आमच्या गावापासून लांब नाही. त्या मातीतली पोरं पंक्तिप्रपंच बघायला तिकीट काढून गेली.

कट्ट्यावर तुझे वकील आहेत. एक जण हैदराबादला कंपनीत आहे. तो म्हणतो, मला वर्षात पोरांबरोबर एकच दिवस मिळतो, माझ्या वेळेला किंमत आहे. त्याची तळमळ खोटी नाही. पण आमच्याबरोबर आलेल्या दोघांनी त्या दिवसाची मजुरी बुडवली होती. त्यांनाही वर्षात तो एकच दिवस होता. कुणाच्या दिवसाची किंमत जास्त, हे तू त्यांच्या पगारावरून ठरवलंस. दुसरी एक काकू आहे, तिचे गुडघे गेलेत, उभं राहवत नाही, म्हणून ती तुला विकत घेते. तिच्यासाठी वेगळी वाट असलीच पाहिजे, अपंगांसाठी, पोटुशीसाठीही असली पाहिजे, आणि ती फुकट असली पाहिजे. दुखऱ्या गुडघ्याचे पैसे घेणं मला पाप वाटतं. तिसरा म्हणतो, पार्क चालवायला खर्च येतो. येतो. पावसाळ्यात गर्दी आटते, यंत्रांची रोज सकाळी तपासणी लागते, कोविडमध्ये दारं बंद राहिली, एस्सेलवर्ल्डसारखं नाव २०२२ मध्ये बंद झालं तेव्हा मलाही घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. मग दाराचं तिकीट शंभर रुपयांनी वाढवा. आम्ही आणखी एक महिना पैसे साठवू. पण आत घेतल्यावर आमच्यात निवड करू नका.

ज्यांनी तुला जन्माला घातलं त्यांच्याकडं माझं मागणं थोडकं आहे. वेळ राखून ठेवायची सोय असू द्या, पण दाराच्या तिकिटातच, सगळ्यांना सारखी, आणि फोन नसलेल्याला खिडकीवर चिठ्ठी मिळू द्या. जे रांगेत उभे आहेत त्यांची राइड झाल्याशिवाय साखळी लावू नका. भोंगा वाजला तर रांगेत नवीन माणूस घेऊ नका, उभ्या असलेल्याला हाकलू नका. गड्ड्यावरचा पाळणेवाला हे न सांगता पाळतो. पाळण्याचा तोल राहावा म्हणून तो समोरासमोरच्या पेट्या भरतो, जाड माणसाला इकडं, दोन पोरांना तिकडं असं करतो. पण शेवटच्या फेरीला तो मोठ्यानं विचारतो, कोण राहिलं का? मी त्याला कधी कुणाला ठेवून बत्त्या मालवताना पाहिलेलं नाही.

परतीच्या वाटेवर क्रूझरमध्ये पोरं झोपली. भाची जागी होती. तिनं मनगटावरचा पांढरा पट्टा काढला नव्हता. मी म्हटलं, फेकून दे बाळा. ती म्हणाली, राहू दे, अजून बसले नाही ना. घरी आल्यावर तो पट्टा तिनं चौकटीवरच्या खिळ्याला अडकवला, खडूच्या रेघेच्या वर.

संक्रांतीला मी तिला गड्ड्यावर नेणार आहे. तिकडं ती मोठ्या पाळण्यात बसेल, रांगेतून, पाळी आल्यावर. पण तिला ती दुसरी राइडही हवी आहे. काल परत चौकटीला पाठ लावून उभी होती. जुन्या रेघेच्या बोटभर वर नवी रेघ आली आहे. मला म्हणाली, मामा, पुढच्या दिवाळीपर्यंत मी आणखी वाढेन, मग तर घेतील ना?

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

खजुरीचा एक मामा